गाडीच्या स्टिरिओवर मोबाईल लावला की खरखर येते? आधी आवाज ओळखा, मग खर्च करा

मोबाईलवरची गाणी गाडीच्या स्टिरिओवर लावली की मागून सतत खरखर येते, किंवा ॲक्सिलरेटर दाबला की कुईईई करत एक शिट्टी वर वर चढत जाते. मग माणूस वैतागून ॲक्सेसरीजच्या दुकानात जातो, तिथे कोणीतरी सांगतं की स्टिरिओच जुना झालाय, नवीन टचस्क्रीन बसवा, आणि पैसे भरून घरी येईपर्यंत शिट्टी परत सुरू. हे मी इतक्या ओळखीच्या लोकांच्या बाबतीत बघितलंय की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं. बहुतेक वेळा स्टिरिओ बिचारा ठीक असतो. गडबड असते चार्जरमध्ये, केबलमध्ये नाहीतर अर्थिंगमध्ये (म्हणजे गाडीच्या बॉडीला लावलेल्या मायनसच्या जोडणीत), आणि ती शोधायला एक रुपयाही लागत नाही, फक्त अर्धा तास आणि जरा शांत जागा लागते.

आधी नुसतं ऐका

प्रत्येक बिघाडाचा आवाज वेगळा असतो आणि कान देऊन ऐकलं तर अर्धं काम तिथेच होतं.

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी असेल तर ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची, आणि ती आत शिरते अर्थिंगच्या वाटेने. इंजिन बंद असतानाही एकसारखी बारीक चिंईई येत असेल, आणि चार्जर सॉकेटमधून काढला की थांबत असेल, तर स्वस्तातला चार्जर. इंजिनच्या वेगाबरोबर टकटकटक वाढत असेल आणि ते मुख्यतः एफएमवर येत असेल तर स्पार्क प्लग किंवा त्याच्या वायरी. इंजिन चालू असो वा बंद, एकसारखा सूंऽऽ आवाज आणि गाणं मात्र हळू, तर व्हॉल्यूमचं गणित चुकलंय. खड्ड्यात गाडी गेली की खर्रकन आवाज, मग परत ठीक, तर केबल किंवा जॅक सैल. आणि फोन येण्याच्या एक-दोन सेकंद आधी टर्रर टक टक टर्रर असं ऐकू येत असेल तर तो २जी नेटवर्कचा आवाज आहे. जीएसएममध्ये, म्हणजे या २जीच्या पद्धतीत, फोन सेकंदाला साधारण २१७ वेळा सिग्नलचे झटके सोडतो आणि ते जवळच्या केबलमध्ये शिरतात. त्यावर उपाय एवढाच की फोन ऑक्स केबलपासून (फोनच्या हेडफोन जॅकमधून स्टिरिओला गाणं नेणारी वायर) आणि स्टिरिओपासून वीतभर लांब ठेवायचा, किंवा फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क ४जी-५जीवर ठेवायचं. जिओच्या सिमवर हा आवाज येणारच नाही कारण त्यांचं २जी नाहीच.

एक आणखी विचित्र प्रकार आहे. गाणाऱ्याचा आवाज गायब होतो आणि नुसती वाद्यं ऐकू येतात, तीही पोकळ, विहिरीतून आल्यासारखी. लोकांना वाटतं स्पीकर गेला. तसं नसतं, जॅकमधला अर्थचा कॉन्टॅक्ट लागत नसतो. मग डाव्या आणि उजव्या चॅनलमधला जो फरक असतो तेवढाच स्पीकरवर येतो, आणि गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा असल्यामुळे तो आपोआप वजा होतो. जॅक पूर्ण आत दाबून बघा, फोनचं कव्हर आड येत असेल तर ते काढा, नाहीच झालं तर केबल बदला.

अर्ध्या तासाची तपासणी

गाडी मोकळ्या जागेत उभी करा. यात इंजिन चालू ठेवावं लागणार आहे त्यामुळे सोसायटीच्या बंद बेसमेंटमध्ये हे करू नका, धूर साचतो आणि तो धोक्याचा असतो. एसी, ब्लोअर, वायपर, हेडलाइट, डॅशकॅम, वायरलेस चार्जर, जे जे लावलंय ते सगळं बंद. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला.

चावी पहिल्या टप्प्यावर, इंजिन बंद. स्टिरिओ ऑक्सवर घ्या पण केबल लावू नका आणि आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवा. इथे फक्त अगदी बारीक सूं यायला हवा. इथेच घरघर येत असेल तर मोबाईलचा काही संबंध नाही, सरळ शेवटच्या भागाकडे जा.

आता केबल लावा पण तिच्या दुसऱ्या टोकाला फोन न लावता. इथे घूंऽऽ असा आवाज आला तर घाबरू नका, मोकळं टोक हवेतला सगळा कचरा पकडतं, बोट लावलं तर आणखी वाढेल. यावरून काहीच ठरत नाही. फोन लावा, चार्जर न लावता, आणि काही न वाजवता ऐका. नंतर चार्जर लावा. मग इंजिन चालू करा आणि हळूहळू रेस देऊन बघा. मग एकेक करत ब्लोअर, हेडलाइट, इंडिकेटर, डॅशकॅम लावत जा. ज्या पायरीवर आवाज घुसला तिथेच आजार आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला एवढं मात्र कटाक्षाने पाळा, कारण घाईघाईत केबल पण बदलली आणि चार्जर पण बदलला तर आवाज गेला तरी कशाने गेला ते कळत नाही आणि महिन्याभराने परत आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात.

चार्जर लावला की शिट्टी: सगळ्यात जास्त आढळणारी केस

हे जरा नीट समजून घ्या कारण बाकीचे उपाय यावरूनच कळतात. गाडीत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो, म्हणजे सगळी बॉडी हीच एक मोठी मायनसची वायर. तुमचा चार्जर सिगरेट सॉकेटमधून बॉडीच्या एका ठिकाणी मायनसला लागतो आणि स्टिरिओ दुसऱ्या ठिकाणी. फोन चार्जरला लावला आणि ऑक्सने स्टिरिओलाही लावला की मायनसचे दोन रस्ते झाले आणि त्यांचा एक गोल फास तयार झाला. हाच ग्राउंड लूप. इंजिन चालू असताना अल्टरनेटरचा करंट बॉडीतून धावत असतो, त्यामुळे त्या दोन ठिकाणांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक पडतो, काही मिलिव्होल्ट फक्त. पण हेडफोनच्या जॅकमधून येणारा सिग्नलच मुळात एखाद व्होल्टच्या आतला असतो, त्यामुळे एवढासा फरकही स्टिरिओ गाण्यासारखाच मोठा करून ऐकवतो. अल्टरनेटर जितका जोरात फिरेल तितकी शिट्टी वर चढते.

फुकटचा उपाय आधी करा. फोन गाडीच्या चार्जरवर न लावता पॉवर बँकेवर लावा, आणि ती पॉवर बँक त्या वेळी गाडीला जोडलेली नको. फास तुटला, शिट्टी गेली. दादर ते ठाणे रोजचं ट्रॅफिक असेल तर हा उपाय कायमचा म्हणूनही वाईट नाही. दुसरं म्हणजे स्टिरिओलाच यूएसबी पोर्ट असेल तर फोन तिथून चार्ज करून बघा. दोन्हीचा मायनस जवळपास एकाच ठिकाणी येतो म्हणून बऱ्याचदा आवाज खूप कमी होतो. चार्जिंग हळू होईल पण, ते धरून चाला.

आणि यूएसबी आहेच तर मग ऑक्स हवाच कशाला? स्टिरिओ यूएसबीवरून फोनमधलं ऑडिओ घेत असेल, म्हणजे अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल, तर तेच वापरा. तिथे गाणं डिजिटल स्वरूपात जातं, मध्ये ॲनालॉग केबल नाही, त्यामुळे या फासाला आत शिरायला वाटच राहत नाही. माझं मत विचाराल तर हाच सगळ्यात स्वच्छ मार्ग आहे. फक्त केबल डेटावाली घ्या, नुसती चार्जिंगची नको.

हे दोन्ही जमत नसेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर घ्या. आगपेटीच्या आकाराची डबी, दोन्हीकडे ३.५ मिलिमीटरचे जॅक, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. गाणं चुंबकाच्या जोरावर एका गुंडाळीतून दुसरीत जातं पण तारेचा थेट संबंध तुटतो, म्हणून फासही तुटतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन साधारण दोनशे ते पाचशे रुपयांत मिळतो. तो लावायचा ऑक्स केबलच्या मध्ये, चार्जरच्या वायरीत नाही. घेताना एक बघा, अगदी स्वस्त डबीतले ट्रान्सफॉर्मर इवलेसे असतात आणि खालचा बास खातात. दुकानात शक्य असेल तर ढोल-ताशाचं एखादं रेकॉर्डिंग लावून आयसोलेटरसकट आणि आयसोलेटरशिवाय ऐका, ढोलाचा ठोका पोकळ झाला की लगेच कळतं. आणि या डबीकडून भलत्या अपेक्षा ठेवू नका. ती फक्त या फासावर चालते, सैल केबलची खरखर किंवा एफएमची सळसळ ती घालवणार नाही.

चार्जरबद्दल थोडं. ट्रेनमध्ये, सिग्नलवर, फुटपाथवर शंभर रुपयांत मिळणारे चार्जर आत १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात, आणि त्यातून निघणारा कचरा थोपवायला लागणारे फिल्टर पैसे वाचवायला गाळलेले असतात. चांगला चार्जर घ्या, मित्राचा आठवडाभर मागून बघा. फेराइटची क्लिप मिळते, काळी गोल, ती चार्जरच्या केबलवर चार्जरच्या अगदी जवळ बसवली तर एफएमवरचा त्रास थोडा कमी होतो, पण अल्टरनेटरच्या शिट्टीवर तिचा उपयोग नाही.

केबल, जॅक आणि मुंबईची हवा

समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत धातूचे कॉन्टॅक्ट लवकर खराब होतात हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. वर्सोवा, वरळी, माहीम अशा ठिकाणी गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर ऑक्सचा सॉकेट दोन-तीन पावसाळ्यांत काळपटतो. ओळखायचं कसं? जॅक आत असताना बोटाने हलकेच गोल फिरवा, खर्र खर्र आवाज आला की कॉन्टॅक्ट घाण झालाय. स्टिरिओ बंद करा, मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल जॅकच्या टोकाला अगदी थोडं लावा, तोच जॅक आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, पुसा, परत करा. जॅकवर काळी रेघ उमटते, तीच ती घाण. पूर्ण सुकल्यावरच स्टिरिओ लावा. डब्ल्यूडी-४०चा नेहमीचा निळा-पिवळा डबा यात मारू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि धूळ धरतो. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो, तो चालेल.

फोनचा जॅकही बघा. खिशातला कापूस, धूळ, बिस्किटाचा चुरा असं सगळं आत जाऊन घट्ट बसतं आणि मग प्लग अर्धा मिलिमीटर बाहेर राहतो, बाहेरून दिसत नाही पण कॉन्टॅक्ट लागत नाही. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हळूच उकरा, सेफ्टी पिन नको.

ज्या फोनना हेडफोनचा जॅकच नाही त्यांना टाइप-सी किंवा लाइटनिंगचा डोंगल लागतो. आयफोनने २०१६ साली आयफोन ७ मध्ये जॅक काढला आणि मग हळूहळू बाकीच्यांनीही काढला. टाइप-सी डोंगल दोन प्रकारचे असतात, काहींच्या आत डॅकची (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारी) चिप असते आणि काही नुसत्या तारा असतात ज्या मोजक्याच फोनवर चालतात, म्हणून घेताना डॅकवाला मागा. आणि एकाच डोंगलमधून चार्जिंग पण आणि गाणी पण असा जो दुहेरी प्रकार मिळतो त्याच्यापासून जपून, त्याच्यात चार्जर आणि ऑडिओचा मायनस त्या इवल्याशा डबीतच एकत्र येतो आणि शिट्टी हमखास येते. असाच डोंगल वापरायचा असेल तर पुढे आयसोलेटर लावावाच लागतो.

व्हॉल्यूमचं सांगायचं राहिलं. फोनचा आवाज ३० टक्के आणि स्टिरिओ फुल अशी सवय असते बऱ्याच जणांना, उलटं करा. फोन ८०-९० टक्क्यांवर, स्टिरिओ त्यामानाने कमी. स्टिरिओ जितका वाढवाल तितका सूं आवाजही वाढतो. पूर्ण १००वर काही फोनमध्ये आवाज फाटतो म्हणून जरा खाली.

एफएम ट्रान्समीटरवाल्यांसाठी

जुन्या गाडीत ना ऑक्स ना यूएसबी, तिथे सॉकेटमध्ये लावायचा एफएम ट्रान्समीटर हाच आधार असतो, आणि मुंबईत त्याचीच सगळ्यात जास्त पंचाईत होते. कारण इथली एफएमची पट्टी खचाखच भरलेली आहे. ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ असं दर ०.८ वर एक स्टेशन, पुढे ९८.३, आकाशवाणीचं १००.७, मग १०४, १०७.१. एफएम रिसीव्हर दोन सिग्नलपैकी जो जोरकस त्यालाच धरतो, आणि दोघे जवळपास सारखे झाले की खरखर सुरू. म्हणून घराखाली छान वाजतं आणि फ्रीवेवर किंवा उंच पुलावर चढलं की बिघडतं, कारण तिथे स्टेशनचा सिग्नल थेट येतो.

काय करायचं? ट्रान्समीटर काढून ठेवा, गाडीचा रेडिओ हाताने ८७.५ पासून ०.१ने वर नेत जा आणि जिथे एकसारखी सळसळ आहे, कुठल्याच स्टेशनचा मागमूस नाही, आणि दोन्ही बाजूंना ०.२पर्यंतही कोणी नाही, अशी जागा शोधा. ९०च्या खाली मिळायची शक्यता जास्त. हे एकाच ठिकाणी नका करू, तुमच्या रोजच्या रस्त्यावर दोन-तीन ठिकाणी गाडी बाजूला घेऊन करा, चालवताना नाही. जी जागा सगळीकडे रिकामी सापडली ती ट्रान्समीटरला द्या आणि रेडिओवर सेव्ह करा. पुण्याला जाणं-येणं असेल तर तिकडची दुसरी शोधून वेगळ्या बटणावर ठेवा.

खरखर बाहेरच्या स्टेशनची की तुमच्याच गाडीतली हे ओळखायची सोपी युक्ती: मॉलच्या खालच्या बेसमेंट पार्किंगमध्ये इंजिन बंद करून, चावी पहिल्या टप्प्यावर ठेवून ऐका. तिथे बाहेरचे सिग्नल जेमतेम पोचतात. तिथे आवाज स्वच्छ झाला तर फ्रीक्वेन्सी बदला, तिथेही खरखर राहिली तर ट्रान्समीटर किंवा अँटेना बघा. छतावरची अँटेना वॉशिंगवाल्याने काढून परत नीट न बसवणं हे फार वेळा होतं, हाताने घट्ट पिळून बघा.

ब्लूटूथ

ब्लूटूथवर गाणं तुटतं, अडखळतं, पण शिट्टी येत नाही. अडखळत असेल तर दोन्हीकडून पेअरिंग डिलीट करून परत जोडा, वायफायवाला डॅशकॅम असेल तर तो बंद करून बघा कारण दोघेही २.४ गिगाहर्ट्झवर असू शकतात. पण ऑक्सला लावायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर सिगरेट सॉकेटमधल्या यूएसबीवर चालवत असाल तर तिथे वर सांगितलेला फासच तयार होतो आणि शिट्टी येते. लोक म्हणतात ब्लूटूथ आहे तरी कसा आवाज येतो, तर तो ब्लूटूथचा नाहीच. रिसीव्हर आणि ऑक्सच्या मध्ये आयसोलेटर टाका नाहीतर बॅटरीवर चालणारा रिसीव्हर घ्या.

फोन काढला तरी आवाज येतो

म्हणजे आता गाडीची वायरिंग. बाहेरून बसवलेला स्टिरिओ असेल तर त्याची काळी वायर, म्हणजे अर्थ, कुठे लावलीय ते बघायचं. पिवळी कायम १२ व्होल्ट, लाल चावीवरची, काळी अर्थ, असा साधारण रिवाज आहे. आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या सीएनजी गाडीत हीच काळी वायर डॅशबोर्डच्या आतल्या एका रंग दिलेल्या पट्टीवर नुसती स्क्रूखाली दाबलेली होती, तारा मोकळ्या, अर्ध्या तुटलेल्या, हिरवट पडलेल्या. स्क्रू काढला, तेवढ्या गोलातला रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा उघडा केला, वायरीला रिंगचं टर्मिनल दाबून बसवलं, खाली दातेरी वॉशर, घट्ट आवळलं आणि वरून ग्रीसचा हात फिरवला. घरघर संपली. वीस रुपयांचं सामान. हिंदमाता, मिलन सबवे अशा ठिकाणी पाण्यातून गाडी काढलेली असेल तर कार्पेटखालचे आणि पायाजवळच्या पॅनलमागचे अर्थचे नट आवर्जून उघडून बघा, ते आतून गंजतात.

स्टिरिओ बाहेर काढण्याआधी बॅटरीचा मायनस काढा. काही कंपनी फिटेड स्टिरिओ बॅटरी काढल्यावर परत कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा. स्टिअरिंग आणि एअरबॅगच्या पिवळ्या कव्हरच्या वायरींना हात नको.

ॲम्प्लिफायर बसवला असेल तर पॉवरची जाड वायर आणि स्टिरिओकडून ॲम्पला गाणं नेणारी आरसीए केबल गाडीच्या एकाच बाजूने नेलीय का बघा. एक डावीकडून, एक उजवीकडून न्यायची. ॲम्पची अर्थ वायर आखूड, दीड फुटाच्या आत, आणि पॉवरच्या वायरीइतकीच जाड.

बॉनेट उघडून बॅटरीचे टर्मिनलही बघा. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर मायनस आधी काढा, मग प्लस, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने धुवा, सुकवा, लावताना प्लस आधी. मल्टिमीटर असेल तर इंजिन बंद असताना साधारण १२.४ ते १२.७ आणि चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, नव्या गाड्यांत यात थोडा चढउतार असतो. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनवर बॅटरीची दोन टोकं तपासा. ०.१ व्होल्टपेक्षा बरंच जास्त दिसत असेल तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असू शकतो, आणि तसं असेल तर गाण्यांचं सोडा, बॅटरीही लवकर जाणार, तेव्हा ते लांबणीवर टाकू नका.

एफएमवर टकटक असेल तर स्पार्क प्लग. सीएनजीला ठिणगी जास्त ताकदीची लागते म्हणून झिजलेले प्लग तिथे लवकर त्रास देतात. नवीन घेताना आत रेझिस्टर असलेलेच घ्या, बहुतेक कंपन्यांच्या नंबरमध्ये त्यासाठी आर हे अक्षर असतं.

एवढं करूनही सापडलं नाही तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा, स्टिरिओ विकणाऱ्याकडे नाही. त्याला नुसतं "आवाज येतो" असं सांगू नका. कुठल्या पायरीला येतो, रेस दिली की चढतो का, चार्जर काढला की जातो का, ब्लोअरने बदलतो का, हे सगळं मोबाईलमध्ये लिहून न्या, जमल्यास आवाज रेकॉर्ड करून न्या. गाडी वॉरंटीत असेल तर कुठलीही वायर कापू देऊ नका, गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर लावून जोडायला सांगा. आणि काम झाल्यावर पैसे देण्याआधी तुमचा स्वतःचा फोन, स्वतःचा चार्जर लावून, इंजिन चालू ठेवून, एक गाणं पूर्ण ऐका.